खळ लावलेली मुळं

आमच्या घरात मला जाग यायची ती मागाच्या आवाजानं. बाबा मागावर बसले की खट्ट-खटाक, खट्ट-खटाक सुरू व्हायचं आणि त्या तालावर भिंतीवरचा आरसाही हलायचा. त्या हलत्या आरशात बघून मी वेणी घालायला शिकले, म्हणून माझा भांग आजही वाकडा निघतो असं माझा नवरा म्हणतो. भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव, आणि गावात विणकरांची एक आळी. माझ्या कळत्या वयात आळी तेवढी उरली होती, विणकर कमी होत चालले होते. आमच्याच घरात तीन माग होते. एक बाबांचा. दुसऱ्यावर आई उन्हाळ्यात कुरड्या आणि हिवाळ्यात गोधड्या वाळत घाली. तिसऱ्याच्या खड्ड्यात, जिथे एके काळी मोठेबाबा पाय सोडून बसत, तिथे आमची लाल कोंबडी अंडी घालायची. बाबा थट्टेत म्हणत की तिन्ही मागांत तिचाच काय तो नियमित चालतो.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांची बायको, आमची मोठीमाय, मूलबाळ नसताना आणि माहेरी भाऊ बोलवत असताना इथेच राहिली. उंच, काळी, कमी बोलणारी. तिचं घरातलं काम म्हणजे खळ आणि पांजण. सुताचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे दोरे, मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाच्या खळीनं कडक करावं लागतं, नाहीतर धोट्याच्या फेऱ्यांत दोरे तुटतात. सकाळी उन्हं अंगावर यायच्या आत आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणला जाई, आणि मोठीमाय हातात लांब केसांचा कुंचा घेऊन एका बाजूनं निघे. खळ लावत, विंचरत, चिकटलेले दोरे सोडवत ती अशी चालायची की बाजूनं जाणाऱ्या बैलगाड्यासुद्धा तिच्यासाठी थांबत. कुंचा फिरायचा तो एकाच दिशेनं. उलटा फिरवलेला मी कधी पाहिला नाही. तिनं पांजण केलेला ताणा मागावर तुटत नाही, असं आळीतली भांडखोर माणसंही एकमुखानं म्हणत.

खळ शिजायच्या दिवशी आम्हा मुलांची मजा असे. मोठं गंज चुलीवर रटरटत असायचं आणि खळ घट्ट होण्याच्या जरा आधी मोठीमाय त्यातली वाटी-वाटी पेज बाजूला काढी. त्यात मीठ, वरून हिरव्या मिरचीचा ठेचा. सोबत आदल्या दिवशीच्या लाखोरीच्या डाळीचे वडे असले तर विचारायलाच नको. "सुताच्या आधी पोट्ट्याइले," असं म्हणत ती वाढायची. पुढे मी बऱ्याच ठिकाणी बरंच काही खाल्लं, पण तापातून उठल्यावर मला अजून तीच पेज आठवते, आणि घरी केली तर ती चव येत नाही. गंज तेवढं मोठं नसतं म्हणून असेल.

बारावीनंतर मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बीएस्सीला गेले. विणकर आळीतून विज्ञानाला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे माझी बस चुकू नये याची काळजी सगळ्या आळीला. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या मॅडम बारीक चणीच्या, मोठ्या आवाजाच्या आणि विनोद करताना अजिबात न हसणाऱ्या. गोंदिया वेगळं होऊन चार-दोन वर्षं झाली होती, पण वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात आमचा जिल्हा अजून अखंडच होता. कोणीतरी ते दाखवून दिलं तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. झाडांना अजून कोणी कळवलेलं नाही." त्यांनी आम्हाला आपापल्या गावची झाडंझुडपं गोळा करून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवायला सांगितली होती. बाकीच्या मुली कॉलेजच्या कुंपणापाशी उगवलेला टाकळा आणि आघाडा घेऊन मोकळ्या झाल्या. मला मात्र काहीतरी वेगळं न्यायचं होतं. तेव्हा माझ्या अंगात शहाणपणाचं वारं जरा जास्तच होतं.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या पावसात सहादेवकाकांच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, जुना आंबा उन्मळून पडला. सहादेवकाका बौद्ध वस्तीतले शेतकरी, बाबांचे शाळेतले दोस्त. झाडाला अवघा गाव "शेंदऱ्या" म्हणायचा, कारण त्याचे आंबे पिकले की शेंदरी होत. आम्ही सगळे बघायला गेलो. आडव्या पडलेल्या फांदीवर मला एक गंमत दिसली. पट्ट्यासारखी जाड पानं, दोन रांगांत समोरासमोर लावून ठेवलेली, आणि प्रत्येक पानाचं टोक कोणीतरी कुरतडल्यासारखं खाचा-खाचांचं. खाली बोटाएवढी जाड, पांढुरकी मुळं सालीला घट्ट धरून होती, आणि काही तर काहीच न धरता हवेत लोंबत होती. मातीचा कण नाही.

"बांडगूळ हाये ते," सहादेवकाका म्हणाले. "झाडाचं रक्त पिते. फेक तिकडं."

मी फेकलं नाही. फांदीच्या तुकड्यासकट ते कापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन एसटीनं भंडाऱ्याला गेले. कंडक्टरनं याचंही तिकीट लागेल म्हणून मला घाबरवलं. मॅडमनी बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला. त्यांना आनंद झाला की त्या असं करत.

"हे बांडगूळ नाही. बांडगूळ झाडात मुळं घुसवतं आणि त्याचा रस पितं. हे नुसतं झाडावर बसतं. झाडाचं काही खात नाही. पावसाचं पाणी, हवेतली ओल आणि सालीवर साचलेला कचरा, एवढ्यावर जगतं. ऑर्किड आहे. रास्ना म्हणतात याला. मुळं बघ, पांढरी दिसतात ना? वरचं पांढरं म्हणजे मेलेल्या पेशींचं अस्तर. ओलं झालं की टिपकागदासारखं पाणी ओढून घेतं आणि आतलं हिरवं मूळ दिसायला लागतं."

"मग नाव लिहू का मॅडम?"

"मला शास्त्रीय नाव माहीत आहे. पण फूल दिसल्याशिवाय मी कागदावर नाव लिहू देत नाही. जगव. फुलू दे. मग घेऊन ये."

घरी आल्यावर मी हे भाषण जसंच्या तसं ठोकलं. बाबांनी ताण्याचा उरलेला दोरा घेऊन ते रोप फांदीच्या तुकड्यासकट अंगणातल्या कडुनिंबाला बांधून दिलं. आईला त्यात काडीचा रस नव्हता, तिला वाळवणाच्या जागेची काळजी. मोठीमायनं मात्र मान वर केली.

"म्हंजे झाडाचं काईच खात नाई ते?"

"काहीच नाही."

"नुसतं बसून राहते, आन आपलं आपन कमावते?"

"हो."

ती उठून निंबापाशी गेली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. त्या वेळी मला वाटलं, माझं भाषण चांगलं झालं. आता मी स्वतः वर्गात उभी राहून हेच शिकवते, आणि दर वर्षी "झाडाचं काही खात नाही" हे वाक्य म्हणताना मी पाठ फिरवून फळा पुसते. मुलांना वाटतं मॅडमला स्वच्छतेचं वेड आहे.

दिवाळीचं काम उरकलं आणि त्यानंतर बाबांना सूत मिळेना. व्यापारी आज देतो, उद्या देतो म्हणत राहिला. एक महिना गेला, दुसराही निघाला. बाबा सहादेवकाकांच्या धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, जाऊ लागले, आई त्यांच्याकडेच धान उफणायला. आळीत ताणा लागला नाही, म्हणजे पांजण नाही, म्हणजे मोठीमायला काम नाही. ती सकाळी सवयीनं लवकर उठायची, कुंचा झटकायची आणि परत खुंटीला अडकवून ठेवायची. जेवायला बसली की ती दुसऱ्यांदा भात घेत नसे. आईनं विचारलं तर म्हणे, भूक नाही. मी हे सगळं रोज बघत होते आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. मी सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची, आल्याबरोबर माझ्या रोपाकडे बघायची.

आणि रोप तर काय चमकत होतं! मुळं अशी गुळगुळीत आणि तकतकीत झाली होती की मी मॅडमना मोठ्या ऐटीत सांगितलं, तब्येत एकदम झकास आहे. मॅडम नुसत्या "हं" म्हणाल्या. पौषात पानांना सुरकुत्या पडायला लागल्या. मी म्हटलं, थंडी. मग खालची दोन पानं पिवळी पडून गळाली आणि लोंबत्या मुळांवर लाल मुंग्यांची रांग लागली. आता मात्र माझी घाबरगुंडी उडाली. मॅडम म्हणाल्या, "मुळांवर पाणी शिंपडून बघ. हिरवी झाली म्हणजे पितात. नाही झाली तर मला सांग."

रविवारी सकाळी मी तांब्यानं पाणी शिंपडलं. पाणी मुळांवरून घरंगळलं आणि खाली पडलं. मूळ जसंच्या तसं, पांढरं. पुन्हा शिंपडलं, पुन्हा तेच. मी नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, पातळ, पारदर्शक, कुरकुरीत. तो काय होता हे कळायला मला बीएस्सीची गरज नव्हती. जन्मल्यापासून माझ्या फ्रॉकला, केसांना, नखांत तोच चिकटलेला असायचा. खळ!

मोठीमाय ओसरीवर बसली होती. मी पापुद्रा तिच्यापुढे धरला.

"हे तू लावलं?"

"हो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "उघडी पडली होती वो बिचारी. ना माती, ना काई. सुतासारखी पांढरी, ढिली. म्हटलं तुटून जातीन हवेनं. चवथ्या-पाचव्या दिवशी मूठभर तांदळाची खळ लावून विंचरून देतो मी त्याइले. कशी कडक झाली पाय."

मी तेव्हा जे बोलले ते लिहायला आजही हात थांबतो, पण लिहायचंच आहे. मी ओरडले, "तुले काय समजते त्यातलं? दिसन त्याले खळ लावत राहते काय तू? मारून टाकलं तू त्याले! कायले हात लावत होती? काम नाई म्हणून दुसऱ्याच्या कामात कायले शिरत होती?"

 तिनं माझ्या हातातला पापुद्रा घेतला, बोटांत चुरगळून बघितला आणि मग सावकाश म्हणाली, "सुताले बळ येते खळीनं. मले वाटलं, यालेही येईन." बोटं पदराला पुसत तिनं पुढे म्हटलं, "दोन महिने झाले, बसून खाऊन राहिली मी तुमचं. तेवढंच एक काम होतं."

मग ती उठून आत गेली. कुंचा खुंटीवरून काढून तिनं तो पेटीत ठेवला आणि पेटी लावून घेतली. ते बघून मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. ती बांडगूळ ठरू नये म्हणून धडपडत होती आणि मी तिला तेच ठरवलं होतं. बाबा चुरण्याहून आले, त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी पायावरचा भुसा झटकला आणि एवढंच विचारलं, "खळ चढवता येते, तं उतरवताही येत असन ना? कोनाले येते पन ते?"

उत्तर घरात एकच होतं. कापडाला डाग पडला, ताण्यात गाठ झाली, खळ जास्त झाली, तर ते काढायला आळी आमच्याच दारात यायची. मी पेटीपाशी जाऊन बसले.

"मोठीमाय, माह्यं चुकलं."

"तुह्यं काई चुकलं नाई. मारलं तं मीच."

"अजून मेलं नाई ते. खळ उतरवाची आहे. मी केलं तर मुळं तुटतीन. माह्या हातात तसं नाई."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी खोटं तर बोलत नाही ना, हे तपासत. मी खोटं बोलत नव्हते. सकाळी खरवडताना मी एक मूळ मोडलंच होतं. तिनं पेटी उघडली.

पुढचे तीन दिवस मी कॉलेज बुडवलं. कोमट पाणी, जुन्या मऊ लुगड्याची चिंधी आणि तो कुंचा. आधी चिंधी ओली करून मुळाला गुंडाळायची, खळ फुगली की मोठीमाय कुंच्याच्या केसांनी ती वरून खाली उतरवत आणायची, टोकापर्यंत. टोकाशी आली की कुंचा उचलायची आणि पुन्हा वरून सुरू. मी पाणी बदलत होते आणि मुंग्या झटकत होते. कुजलेली चार मुळं तिनं दोरे तोडायच्या कात्रीनं काढून टाकली. एकेक कापताना ती हळूच म्हणायची, "जाय बाप्पा." तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी तांब्या उचलला. तिनं तो माझ्या हातून घेतला आणि स्वतःच पाणी शिंपडलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. एका मुळावर, मधोमध, हिरवा रंग उमटला आणि हळूहळू खाली सरकत गेला. मग दुसऱ्यावर.

"पेली," मोठीमाय म्हणाली. "पेली वो, पेली!" आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी निंबावर आदळले. त्या दिवशी ती पोटभर जेवली, वर वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा पास झाले, पण त्या संध्याकाळसारखं हलकं मला क्वचितच वाटलं आहे.

माघ संपता संपता बाबांना सूत मिळालं आणि आळीत पुन्हा ताणा लागला. त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. पावसाळ्यात हिरव्या टोकाची तीन नवी मुळं फुटली, एक पान आलं. मोठीमाय रोज त्यांना पाणी पाजायची आणि खळ शिजवायच्या दिवशी निंबाकडे पाठ करून बसायची. तिला म्हणे भीती वाटायची, सवयीनं हात जाईल.

त्याच्या पुढच्या चैत्रात पानांच्या बेचक्यातून एक दांडी निघाली आणि सात कळ्या आल्या. पहिलं फूल उमललं तेव्हा आई वाळवण टाकून आली आणि बाबा माग सोडून आले. पाच पाकळ्या, पिवळसर हिरव्या, आणि त्यांवर तपकिरी रेघांची चौकडी. मधे जांभळी-निळी ओठासारखी पाकळी. वास गोड. बाबांनी चौकडी बघून हात जोडले, म्हणाले, "काय बारीक काम आहे!" मोठीमायनं हात जोडले नाहीत. विणकराच्या घरात कापड हातात आलं की आधी त्याची उलटी बाजू बघतात. तिनं पाकळी दोन बोटांत अलगद धरून उलटी केली. मागून ती पांढरीशुभ्र होती.

"इनलेलं नाई हे," तिनं निकाल दिला. "छापलेलं हाये. इनलं असतं तं दोन्हीकडून चौकडी दिसली असती."

मॅडमना मी हे सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा, वर्गासमोर, खळखळून हसल्या. मग फळ्यावर नाव लिहिलं, वांडा टेसेलाटा, आणि म्हणाल्या, "टेसेलाटा म्हणजेच चौकड्यांची. ज्यानं नाव ठेवलं त्यानं पाकळी उलटी करून बघितली होती की नाही, मला शंका आहे."

सातांपैकी तीन फुलं आणि एक पान कागदासाठी घ्यायचं ठरलं. कात्री मोठीमायनंच चालवली. वाळल्यावर मी ते चिकटवलं आणि ओसरीवर बसून खालची चिठ्ठी भरायला घेतली. वनस्पतीचं नाव, गाव, कुठल्या झाडावर, सगळं झालं. शेवटी रकाना होता संग्राहकाचा, म्हणजे ज्यानं ती वनस्पती मिळवली त्याचा. मी पेन टेकवलं आणि थांबले. फांदी मी आणली होती, पण फुलापर्यंत काय मी आणलं होतं? आणि मग मला लाज वाटली, कारण एकोणीस वर्षं एका घरात राहून मला तिचं नाव माहीत नव्हतं.

"मोठीमाय, तुह्यं नाव काय आहे वो?"

"कायले?"

"लिहाचं आहे."

तिला आठवावं लागलं असं नाही, पण सांगायला वेळ लागला. "पारबता," ती म्हणाली. "कोनी म्हनत नाई आता." मी लिहिलं. तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यात माह्यं कोनतं?" मी बोट ठेवून दाखवलं. खळीनं भेगाळलेलं आपलं बोट तिनं त्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे एकदा फिरवलं. मग कागद परत देताना विचारलं, "आन खळीचं लिहिलं काय?"

"ते कायले लिहाचं?"

"लिही. पुढच्याले समजलं पायजे."

सगळ्यात खाली शेऱ्याची जागा होती. तिथे मी तिच्या देखत लिहिलं. मॅडमनी तो कागद तपासताना आमच्या इतर कागदांवर लाल पेननं भरपूर रेघोट्या ओढल्या, पण त्या ओळीला हात लावला नाही. मागच्या वर्षी एका कामानं मी त्या कॉलेजात गेले आणि जुनं कपाट उघडायला लावलं. फुलं काळपट झाली आहेत, चौकडी मात्र दिसते. खाली माझ्याच तेव्हाच्या अक्षरात लिहिलेलं आहे: संग्राहक, पारबता. शेरा: मुळांना खळ लावू नये. लावली तर तिलाच काढायला सांगावी.